गोड गोळीने कर्करोग होतो का?

मधुमेहाच्या रुग्णांकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न इन्शुलिनचा नाही, पथ्याचा नाही आणि पायाच्या जखमेचाही नाही. तो आहे चहात टाकायच्या बारीक पांढऱ्या गोळीचा. ‘डॉक्टर, त्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?’ असे विचारताना आवाज थोडा खाली येतो, जणू काही आपण चोरून काही खात होतो आणि आता पकडले गेलो. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतही हा प्रश्न वारंवार असतो. म्हणून आजचा लेख त्यावरच.

खरे तर उत्तर दोन ओळींत देता येईल. पण माझा अनुभव असा की, दोन ओळींच्या उत्तराने भीती जात नाही. ‘डॉक्टर म्हणतात काही होत नाही’ आणि ‘पेपरात आलंय होतं’ या दोहोंत पेपरच जिंकतो. तेव्हा आज थोडे सविस्तर बोलू. सुरुवात एका रुग्णापासून करतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

गुरुजींचा गूळ

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. वय अडुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. स्वभाव शिस्तीचा. औषधे वेळेवर, फिरणे रोजचे, तपासण्यांचे कागद तारखेनुसार फाइलमध्ये लावलेले. दिवसातून चार कप चहा एवढे एकच व्यसन, असे ते स्वतः सांगत. त्यातही साखर नाही, कपाला दोन गोळ्या.

जुलै २०२३ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थाला ‘कर्करोगाला कदाचित कारणीभूत’ अशा यादीत टाकले. गुरुजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांनी गोळ्यांची डबी उलटून पाहिली. त्यावर तेच नाव. डबी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. मला विचारले नाही, कारण विचारण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. साखर तर विष, हे त्यांना पाठ. मग उरला गूळ. आपला जिल्हा उसाचा, गुऱ्हाळ गावाबाहेरच. ‘गूळ नैसर्गिक आहे, त्यात लोह असतं’ असे त्यांना घरातल्यांनीही सांगितले.

त्यानंतर अडीच-तीन महिने ते दवाखान्यात फिरकले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास आले ते लंगडत. नव्या चपलेने अंगठ्याला घासले होते आणि ती जखम तीन आठवडे भरत नव्हती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी आपण करतो, ती जूनमध्ये ७.१ होती. आता आली ९.६.

‘गुरुजी, हे काय केलंत?’ मी विचारले.

‘डॉक्टर, कॅन्सरपेक्षा साखर वाढलेली परवडली की नाही?’ त्यांनी शांतपणे उलट विचारले.

मी जखम धुऊन पट्टी करीत होतो. ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक चकचकीत पुडी काढली, स्वतःच्या तळहातावर ओतून घेतली आणि मला पुढे केली. ‘घ्या. गोड सुपारी आहे. बिनतंबाखूची.’

मी पुडी हातात घेतली, चष्मा लावला आणि बारीक अक्षरे वाचून दाखवली. सुपारी, वेलदोडा, सुगंध आणि सॅकरीन. सुपारी आणि पान मसाला यांत ठरावीक प्रमाणात सॅकरीन घालायला आपल्याकडे कायद्याने परवानगी आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. ‘गुरुजी, ज्याला भिऊन डबी फेकलीत, त्याचा थोरला भाऊ तुम्ही खिशात घेऊन हिंडताय. आणि हा भाऊ बिचारा गरीब आहे. खरा दरोडेखोर त्याच्या शेजारी, त्याच पुडीत बसलाय.’

त्या दरोडेखोराकडे पुढे येतोच. आधी माझी स्वतःची एक चूक कबूल करतो.

उंदीर आणि आम्ही विद्यार्थी

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा सॅकरीन म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग, असे समीकरण आमच्या डोक्यात पक्के होते. उंदरांना सॅकरीन दिले, त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, प्रश्न मिटला. व्यवसाय सुरू केल्यावर पहिली काही वर्षे मी रुग्णांना ठासून सांगत असे, ‘गोळी अजिबात नको.’ त्यातल्या किती जणांनी गोळी सोडून पुन्हा साखर धरली आणि मला सांगितले नाही, याचा हिशेब माझ्याकडे नाही. उंदरांना किती सॅकरीन दिले होते, हे मी त्या काळात एकदाही विचारले नव्हते.

ही कथा समजून घेण्यासारखी आहे. सॅकरीनचा शोध १८७९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला. फाहलबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून परतल्यावर जेवायला बसला तर पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते, हे त्याचे कारण. डांबराच्या उपपदार्थांपासून निघालेली ती वस्तू साखरेच्या तीनशे पटींहून अधिक गोड होती. दोन्ही महायुद्धांत साखरेची टंचाई झाली तेव्हा सॅकरीन घरोघरी पोहोचले.

१९७७ साली कॅनडातील प्रयोगांत सॅकरीन खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. कॅनडाने ते बंद केले. अमेरिकेतही बंदी येणार होती. पण लोकांनी ओरड केली आणि तिथल्या संसदेने बंदीऐवजी पाकिटावर धोक्याची सूचना छापायला लावली. मात्र या प्रयोगांतील उंदरांच्या खाद्यात शेकडा पाच भाग सॅकरीन असे. माणसाने तेवढे घ्यायचे तर गोड शीतपेयाच्या शेकडो बाटल्या रोज प्याव्या लागतील, तेही जन्मभर.

पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट कळली. उंदराची लघवी आपल्यापेक्षा फार वेगळी असते. तिच्यात प्रथिने आणि क्षार जास्त. एवढे सॅकरीन पोटात गेल्यावर त्या लघवीत बारीक स्फटिक तयार होतात, ते मूत्राशयाच्या अस्तराला सतत घासतात, अस्तर पुन्हा पुन्हा नव्याने वाढते आणि त्यातून गाठ होते. माणसाच्या लघवीत हे घडत नाही. वर्षानुवर्षे सॅकरीन घेणाऱ्या माणसांच्या पाहण्या झाल्या, त्यांतही मूत्राशयाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. १९९९ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने सॅकरीनला ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा खालच्या गटात आणले. २००० साली अमेरिकेने त्याला कर्करोगकारकांच्या सरकारी यादीतून काढले आणि पाकिटावरची सूचनाही रद्द केली.

म्हणजे मी ज्या सूचनेवर विसंबून रुग्णांना घाबरवले, ती सूचना छापणाऱ्यांनीच पुढे मागे घेतली. बंदीची बातमी पहिल्या पानावर येते, ती उठल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत. त्यामुळे आजही माझ्याकडे येणारे लोक पहिलीच बातमी सांगतात.

‘कदाचित’ या शब्दाचे वजन

आता अ‍ॅस्पार्टेमकडे वळू. १९६५ साली अमेरिकेतील एका औषध कंपनीत जेम्स श्लाटर या रसायनशास्त्रज्ञाला हे सापडले. साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड. दूध, डाळी, मांस यांतील प्रथिनांत जे घटक असतात, त्यांपैकी फिनाइलअ‍ॅलॅनिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे दोन जोडून ते बनते. पोटात गेल्यावर ते पुन्हा या दोन घटकांत मोडते आणि सोबत थोडे मिथेनॉल सुटते. ‘मिथेनॉल’ म्हटल्यावर विषारी दारूचे बळी आठवतात, म्हणून सांगतो: अ‍ॅस्पार्टेमच्या वजनाच्या साधारण दहा टक्के एवढेच मिथेनॉल त्यातून निघते. गोळीत वीस मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असेल तर निघालेले मिथेनॉल दोन मिलिग्रॅम. फळांच्या आणि टोमॅटोच्या रसातूनही आपल्या पोटात मिथेनॉल जात असते, आणि पेलाभर टोमॅटोच्या रसातले याहून जास्त भरेल.

मग २०२३ मध्ये झाले काय? फ्रान्समधील लिऑन शहरात असलेली ती कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट पाडते. पहिला गट, कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांचा. त्याखाली ‘२ अ’, म्हणजे बहुधा होतो. त्याखाली ‘२ ब’, म्हणजे कदाचित होत असेल, पुरावा तोकडा आहे. अ‍ॅस्पार्टेमला या ‘२ ब’ गटात ठेवले. काही पाहण्यांत यकृताच्या कर्करोगाशी त्याचा थोडा संबंध दिसला होता, पण तो पक्का म्हणता येईल असा नव्हता. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, चीन-जपानकडील पारंपरिक पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत, आणि २०११ पासून मोबाइल फोनच्या लहरीही आहेत. गुरुजींनी डबी फेकली, मोबाइल मात्र त्याच खिशात सुपारीशेजारी होता.

मुख्य मुद्दा हा की, हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. मळ्यातल्या विहिरीत माणूस बुडू शकतो का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर, हो. तुम्ही आज बुडाल का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर तुम्ही विहिरीच्या काठावर उभे आहात की घरात ओट्यावर बसला आहात, यावर अवलंबून आहे. कर्करोग संशोधन संस्था पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची वेगळी तज्ज्ञ समिती आहे. त्या समितीचा निकालही त्याच दिवशी, १४ जुलै २०२३ रोजी जाहीर झाला. समिती म्हणाली की, १९८१ साली ठरवलेली मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही. ती मर्यादा म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. एकाच दिवशी दोन निकाल आले. लोकांच्या लक्षात पहिलाच राहिला.

आता कागद-पेन्सिल घ्या. गुरुजींचे वजन साठ किलो. साठ गुणिले चाळीस म्हणजे २,४०० मिलिग्रॅम. चहाच्या एका गोळीत साधारण वीस मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पार्टेम असते. म्हणजे मर्यादेपर्यंत पोहोचायला रोज एकशेवीस गोळ्या. गुरुजी घेत होते आठ. आणि मर्यादा ओलांडली की लगेच अपाय होतो असेही नाही. ती मुळातच भरपूर अंतर राखून ठरवलेली असते.

याउलट आठ चमचे गूळ म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास. महिन्याला सव्वा किलो. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. रक्ताला तो गुऱ्हाळातून आला की कारखान्यातून, हे कळत नाही. शिवाय गुरुजींनी पुढे कबूल केले की, गूळ ‘चालतो’ म्हटल्यावर मग गुळाची पोळीही चालली, चिक्कीही चालली.

फ्रान्सची पाहणी

काही जाणकार वाचक विचारतील की, माणसांवरही पाहणी झाली आहे, तिचे काय? प्रश्न रास्त आहे. मार्च २०२२ मध्ये फ्रान्समधील १,०२,८६५ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत, ती न घेणाऱ्यांच्या तुलनेत, कर्करोगाचे प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त आढळले. हा आकडा झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पण तो कसा वाचायचा, हेही सांगायला हवे.

१३ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या तेरा जणांना कर्करोग झाला, असे नव्हे. समजा, एखाद्या गावात ठरावीक काळात हजारात तीस लोकांना कर्करोग होत असेल, तर १३ टक्के वाढ म्हणजे तिसाचे चौतीस. दुसरे असे की, ज्या घरात औषधाच्या बाटल्या जास्त, त्या घरात आजारी माणसे जास्त. म्हणून बाटल्यांनी आजार आणला असे आपण म्हणत नाही. गोड गोळी कोण घेतो? ज्याचे वजन वाढले आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याच्या घरात तो आहे. लठ्ठपणामुळे अनेक प्रकारचे कर्करोग वाढतात हे तर सिद्धच आहे. संशोधक हे फरक हिशेबात धरतात, पण ते पूर्ण वजा करणे अवघड असते. २००६ साली अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तीत अ‍ॅस्पार्टेमयुक्त पेयांचा रक्ताच्या किंवा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नव्हता.

सगळे मिळून माझे मत असे. अ‍ॅस्पार्टेमबद्दल शंका पूर्ण मिटलेली नाही आणि संशोधन चालू राहिले पाहिजे. पण आज हाती असलेल्या पुराव्यावरून, चहात दोन गोळ्या टाकणाऱ्या मधुमेही माणसाने कर्करोगाच्या भीतीने त्या सोडून साखरेकडे किंवा गुळाकडे वळणे, हा निव्वळ तोट्याचा सौदा आहे. एका बाजूला ‘कदाचित’ आहे. दुसऱ्या बाजूला डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय. तिथे ‘कदाचित’ नाही.

पुडीतला दरोडेखोर

आता त्या पुडीतल्या दुसऱ्या जिनसाकडे येऊ. ज्या संस्थेच्या ‘कदाचित’ला गुरुजी घाबरले, त्याच संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला पहिल्या गटात ठेवले आहे. पहिला गट म्हणजे सिद्ध झालेला. तंबाखू असलेली नव्हे, नुसती सुपारी. याच गटात तंबाखू आहे, दारू आहे. ही बातमी आपल्याकडे कधी घराघरांत चर्चेची झाली नाही. कारण सुपारी आपल्या पूजेत आहे, लग्नाच्या बैठकीत आहे, जेवणानंतरच्या तबकात आहे. तबकातली वस्तू कशी काय अपाय करील, असे आपल्याला वाटते. ‘बिनतंबाखूची’ हा शब्द तर आपण प्रमाणपत्रासारखा वापरतो.

पूजेतल्या सुपारीशी माझे भांडण नाही. रोज चघळण्याशी आहे. सतत चघळलेल्या सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू कडक होते. तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखा लागतो आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते. याला आम्ही सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. या अवस्थेतल्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीची सवय सुटली नाही. माझ्या दवाखान्यात गेल्या तीस वर्षांत तोंडाच्या कर्करोगाचे जे रुग्ण आले, ते सगळे तंबाखू, गुटखा किंवा सुपारीवाले होते. चहातल्या गोळीमुळे कर्करोग झाला असे म्हणता येईल असा एकही रुग्ण मी पाहिलेला नाही. एका गावच्या डॉक्टरचा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळते. पण जगातले संशोधनही त्याच दिशेला बोट दाखवते.

मी गुरुजींना तोंड उघडायला सांगितले. निरोगी माणसाच्या समोरच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटे उभी मावतात. गुरुजींची दोनच मावली, तीही कष्टाने. गेले वर्षभर झणझणीत आमटी सोसत नाही, म्हणून घरात तिखट कमी केले होते. ते वयामुळे असेल, अशी सर्वांची समजूत.

मग गोळी निर्धोक आहे का?

या लेखाचा अर्थ कोणी ‘डॉक्टरांनी गोळीला मोकळीक दिली’ असा काढू नये. गोळी हे औषध नाही. तिने साखर उतरत नाही, फक्त साखर खाण्यापासून सुटका होते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सल्ला दिला की, वजन कमी करण्यासाठी या गोडीच्या पदार्थांवर विसंबू नये, कारण दीर्घकाळात त्यांचा वजनाला फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे मात्र बातम्यांत बहुतेक ठिकाणी गळले. तेव्हा मधुमेह नसलेल्या, केवळ सडपातळ व्हायचे म्हणून गोळ्या आणि ‘डाएट’ पेये घेणाऱ्या मुलामुलींनी ती सोडलेली बरी.

दुसरी फसगत ‘शुगर फ्री’ मिठाईची. दिवाळीत हा बॉक्स हमखास येतो. त्यात साखर नसेल, पण खवा आहे, तूप आहे, कधी मैदा आहे. एका रुग्णाने असे सहा पेढे खाल्ले आणि साखर वाढल्यावर दुकानदाराने फसवले म्हणून तक्रार केली. दुकानदाराने फसवले नव्हते. पेटीवरच्या दोन शब्दांवर विसंबून त्याने स्वतःलाच फसवले होते.

तिसरी गोष्ट, सगळ्या गोळ्या एकच नसतात. काहींत अ‍ॅस्पार्टेम असते, काहींत सॅकरीन, काहींत स्टीव्हिया या वनस्पतीचा अर्क, तर काहींत सुक्रालोज. या सुक्रालोजच्या शोधात एक आपल्याकडचे आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे संशोधक काम करीत होते. साखरेपासून बनवलेले एक रसायन ‘टेस्ट’ करा, म्हणजे तपासा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांना ऐकू आला दुसरा ‘टेस्ट’, म्हणजे चव घ्या. त्यांनी चव घेतली. ते साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघाले. त्यांचे नशीब बलवत्तर. वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये.

आता काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

१) मधुमेह असेल आणि गोडाशिवाय चहा घशाखाली उतरत नसेल, तर दिवसाला चार-सहा गोळ्या घ्यायला हरकत नाही. त्या भीतीने गूळ, मध, काकवी यांच्याकडे वळू नये. ती साखरेचीच रूपे आहेत.

२) गोळी हा मुक्काम समजू नये, थांबा समजावा. दोनाची एक करा, पुढच्या महिन्यात अर्धी. सवय हळूहळू मोडत गेली तर दोन-तीन महिन्यांत जिभेला कमी गोड पुरते.

३) अ‍ॅस्पार्टेम फार वेळ उकळले की त्याची गोडी जाते. चहा कपात ओतल्यावर गोळी टाका. पातेल्यात टाकून उकळत बसलात तर चहा फिका लागेल आणि तुम्ही आणखी चार टाकाल.

४) लहान मुलांना या गोळ्या आणि पेये देऊ नका. जत्रेतल्या रंगीत बर्फाच्या गोळ्यात आणि स्वस्त सरबतात सॅकरीन किती घातले, हे घालणाऱ्यालाही माहीत नसते. खाल्ल्यावर मागून कडवट चव आली तर ओळखा.

५) फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो. त्यात फिनाइलअ‍ॅलॅनिन शरीराला पचवता येत नाही आणि मेंदूला इजा होते. अशा रुग्णांना अ‍ॅस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे. पाकिटावर तशी सूचना असते.

६) गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

७) रोजची सुपारी आजपासून बंद. बिनतंबाखूचीसुद्धा. तोंडात तीन बोटे मावतात का, हे आज जेवणाआधी आरशासमोर पाहा. मावत नसतील, किंवा तोंडात पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर वाट पाहू नका. आपल्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवा.

८) पेपरात एखाद्या पदार्थाने कर्करोग होतो असे वाचले तर ती बातमी कापून घेऊन डॉक्टरांकडे या. औषध किंवा पथ्य परस्पर बदलू नका. आणि डॉक्टरांना, माझ्यासकट, हे नक्की विचारा: ‘किती घेतल्यावर?’

गुरुजींचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी पाठवले. गालाच्या आतला तुकडा काढून पाहिला. कर्करोग नव्हता. पण त्याच्या वाटेवरची ती कडक झालेली कातडी होती. अहवाल हातात घेऊन ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, पाठ करू नका, समजून घ्या. मीच बातमीचा मथळा पाठ केला.’

सुपारी सुटली. पहिले दोन महिने फार जड गेले, खिशात बडीशेप ठेवून काढले. तोंड अजून पूर्ण उघडत नाही, आणि कदाचित उघडणारही नाही. दर तीन महिन्यांनी तपासावे लागते. अंगठ्याची जखम भरायला दहा आठवडे लागले. बोट वाचले. चहा आता तीन कप, कपाला एक गोळी, आणि सकाळचा पहिला कप बिनगोडाचा.

परवा आले तेव्हा मी विचारले, ‘बिनगोडाचा चहा कसा लागतो?’

‘वाईट लागतो,’ ते म्हणाले, ‘पण चहा लागतो.’